ढिल्या स्क्रूचा हिशोब

भिलाई इस्पात कारखान्याच्या रेल मिलमध्ये १३० मीटर लांबीचा अखंड रूळ तयार होतो. असे दोन रूळ टोकाला टोक भिडवून विजेने जोडले की २६० मीटरचा पट्टा होतो, आणि तोच वाघिणींवर लादून देशभर रवाना होतो. आता प्रश्न असा की या १३० मीटरच्या रुळाचा विद्युतरोध, म्हणजे रेझिस्टन्स, किती? हातात मल्टिमीटर असला तरी उत्तर मिळणार नाही. मल्टिमीटर ओहमवर ठेवून त्याच्या दोन्ही दांड्या नुसत्या एकमेकींना टेकवल्या तरी तो ०.२ किंवा ०.३ ओहम दाखवतो, आणि रुळाचा रोध त्याच्याही पन्नास-ऐंशी पटींनी कमी आहे.

तो काढायची रीत वेगळी आहे. रुळातून माहीत असलेला करंट सोडायचा, समजा १०० अँपिअर डीसी, आणि त्याच वेळी रुळाच्या दोन टोकांमधले व्होल्टेज मोजायचे. मीटरला साठ किलो वजनाच्या रुळाचा छेद सुमारे ७७ चौरस सेंटिमीटर असतो. त्यावरून आणि पोलादाच्या गुणधर्मावरून अंदाज केला तर ते व्होल्टेज ०.३७ च्या आसपास भरायला हवे. ०.३७ भागिले १०० म्हणजे ०.००३७ ओहम. करंट सोडायच्या तारा वेगळ्या आणि व्होल्टेज मोजायच्या तारा वेगळ्या ठेवल्या, तर मोजणाऱ्या तारांचा स्वतःचा रोध हिशोबात शिरतच नाही.

हा लेख रुळांविषयी नाही, घरातल्या विजेविषयी आहे. पण रुळाला लागू पडणारी रीतच घराला लागू पडते, आणि बहुतेक जण नेमकी तीच वापरत नाहीत. गीझरची पिन काळी पडते, बोर्डातून जळका वास येतो, मिस्त्री येतो, मीटर ओहमवर लावून ‘सब ठीक है’ म्हणतो आणि जातो. महिन्याभराने पुन्हा तीच पिन काळी. बंद वायरिंगचा रोध मोजून काही कळत नाही. करंट वाहत असताना व्होल्ट आणि अँपिअर मोजा, मग भागाकार-गुणाकार करा. दोष कुठे आहे ते आकडेच सांगतात.

सूत्रे दोनच आहेत. व्होल्टला अँपिअरने भागले की ओहम मिळतात. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॉट मिळतात. पहिले जर्मनीतल्या कलोन शहरात शाळेत शिकवणाऱ्या गेओर्ग ओहमचे. त्याने ते १८२७ साली पुस्तकरूपात मांडले. ही दोन एकमेकांत घातली की आणखी दोन रूपे निघतात: वॉट म्हणजे अँपिअरचा वर्ग गुणिले ओहम, आणि वॉट म्हणजेच व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. यातले अँपिअरच्या वर्गाचे रूप जेम्स जूलने १८४१ मध्ये प्रत्यक्ष तारेत निर्माण होणारी उष्णता मोजून दाखवले. घरातल्या आगींच्या दृष्टीने चारांत तेच सर्वांत महत्त्वाचे आहे, त्याच्याकडे पुढे येतो.

ओहमविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सुरुवातीला तो त्या काळच्या रासायनिक बॅटरीवर प्रयोग करत होता आणि बॅटरीचा दाब सतत ढळत असल्याने आकडे जुळत नव्हते. मग त्याने दोन धातूंच्या जोडीचा एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवून स्थिर व्होल्टेज मिळवले, आणि नियम स्वच्छ दिसू लागला. आपल्या घरातले व्होल्टेजही ढळते. म्हणून एकदाच मोजून निष्कर्ष काढू नका. लोड चालू, लोड बंद, असे तीनदा करा आणि तिन्ही वेळा जे टिकते तेवढेच खरे धरा.

आधी पाटी वाचा

उपकरणाच्या पाटीवर दोन आकडे असतात. समजा गीझरवर २००० वॉट, २३० व्होल्ट लिहिले आहे. २००० भागिले २३० म्हणजे ८.७ अँपिअर. २३० भागिले ८.७ म्हणजे सुमारे २६.४ ओहम. हा २६.४ चा आकडा कागदावर लिहून ठेवा, कारण पाटीवरचे वॉट हे फक्त २३० व्होल्ट मिळाले तरच खरे असतात. ओहम मात्र व्होल्टेज बदलले तरी जवळपास तेच राहतात. गीझर, रॉड, केटल यांच्यातली नायक्रोमची तार तापली तरी तिचा रोध फारसा वाढत नाही.

आता घरात २३० ऐवजी २१४ व्होल्ट येतात असे धरू. करंट होईल २१४ भागिले २६.४, म्हणजे ८.१ अँपिअर. शक्ती २१४ गुणिले ८.१, म्हणजे सुमारे १७३३ वॉट. व्होल्टेज सात टक्क्यांनी घटले, शक्ती मात्र तेरा टक्क्यांहून अधिक घटली, कारण ती व्होल्टच्या वर्गाबरोबर चालते. निम्म्या व्होल्टेजवर गीझर निम्मा नाही, पाव ताकदीने चालेल.

‘व्होल्टेज कमी आले की करंट वाढतो’ असे सर्रास म्हटले जाते. गीझर, इस्त्री, रॉड यांच्या बाबतीत ते चूक आहे, वरचा हिशोब पाहा. भार ओढणारी मोटर किंवा इन्व्हर्टर एसी यांच्या बाबतीत मात्र ते खरे ठरते, कारण ही यंत्रे आपले काम तेवढेच करत राहायला बघतात आणि व्होल्टेज घटले की अधिक करंट खेचतात. म्हणूनच कमी व्होल्टेजमध्ये गीझर जळत नाही, पाण्याची मोटर जळते.

आणखी एक गैरसमज बिलाचा. १५ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला सुमारे १५७० किलोजूल लागतात, म्हणजे ०.४४ युनिट. पूर्ण २००० वॉटवर त्याला १३ मिनिटे लागतील आणि १७३३ वॉटवर १५. युनिटे जवळपास तेवढीच. कमी व्होल्टेजने बिल वाचत नाही, फक्त वाट जास्त पाहावी लागते.

काहीही न उघडता वॉट मोजणे

यासाठी कुठलेही हत्यार लागत नाही. घराबाहेरच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. एक युनिट वीज गेली की तो दिवा तितक्या वेळा लुकलुकतो. घरातले बाकी सगळे बंद करा, फक्त गीझर चालू ठेवा आणि मोबाइलच्या घड्याळावर २० लुकलुकी किती सेकंदांत होतात ते पाहा. मग ३६ लाखांना २० ने गुणा, आणि मीटरवरचा आकडा गुणिले सेकंद यांनी भागा. ३२०० च्या मीटरवर १३ सेकंद लागले तर उत्तर येते सुमारे १७३०. वर व्होल्ट-अँपिअरवरून काढलेले १७३३ वॉट आणि हे १७३० जुळले, म्हणजे दोन्ही मोजमापांवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

बऱ्याच नव्या मीटरवर एक बटणही असते. ते दाबत गेले की व्होल्ट, अँपिअर, किलोवॉट, पॉवर फॅक्टर एकामागून एक दिसतात. शाळेतल्या मुलांना ओहमचा नियम शिकवायला याहून सुरक्षित आणि खरी प्रयोगशाळा नाही. नववी-दहावीच्या मुलाला वही घेऊन मीटरपुढे उभे करा आणि इस्त्रीचा रोध काढायला सांगा; पुस्तकातली दहा गणिते सोडवून जे कळत नाही ते तिथे कळते.

अँपिअर स्वतंत्रपणे मोजायचे तर क्लॅम्प मीटर घ्या. कारखान्यातली माणसे त्याला टाँग टेस्टर म्हणतात. त्याचा जबडा फक्त एका तारेभोवती, फेज किंवा न्यूट्रल, बसायला हवा. पूर्ण केबलभोवती लावला तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. यासाठी वायरमनकडून एक हातभर लांबीचे एक्स्टेन्शन करून घ्या, ज्यात फेज, न्यूट्रल आणि अर्थिंगच्या इन्सुलेशन असलेल्या तारा सुट्या राहतील.

आणि हे ठळकपणे सांगतो: साध्या मल्टिमीटरची लाल दांडी १० अँपिअरच्या भोकात ठेवून ती कधीही सॉकेटमध्ये घालू नका. त्या स्थितीत मीटरचा स्वतःचा रोध जवळपास शून्य असतो. २३० ला शून्याजवळच्या आकड्याने भागल्यावर काय येते ते कागदावर करून पाहा. सॉकेटमध्ये तेच घडते, तुमच्या हातात. ओहमवर ठेवलेला मीटरही चालू लाइनला लावायचा नाही. फक्त व्होल्टची मापे सॉकेटमध्ये घेता येतात, तीही कोरड्या हातांनी, चपला घालून, आणि निदान ६०० व्होल्टचा, ‘कॅट थ्री’ छापलेला मीटर असेल तर. बोर्डाचे झाकण उघडायचे काम परवानाधारक वायरमनचे.

हरवलेले व्होल्ट

आता काळ्या पिनकडे. स्वयंपाकघरात एकाच बोर्डावर १६ अँपिअरची दोन सॉकेट असतील तर हे मोजमाप सोपे जाते. गीझरचा पॉइंट एकटा असेल तर वायरमनला सोबत घ्या. गीझर असो की मोठी केटल, हिशोब तोच. मी वरचाच २००० वॉटचा भार धरतो.

भार बंद असताना दुसऱ्या सॉकेटमध्ये व्होल्टेज मोजा. समजा २३२ आले. भार चालू करा, पुन्हा मोजा. २१४ आले. अठरा व्होल्ट कुठे गेले? सगळा दोष घरातल्या वायरिंगचा नसतो; खांबापासून मीटरपर्यंतची तारही काही व्होल्ट खाते. म्हणून भार चालू असतानाच मेन स्विचपाशी, किंवा मीटरचे बटण दाबून, व्होल्टेज पाहा. तिथे २२९ दिसले, तर बाहेरच्या लाइनने ३ व्होल्ट खाल्ले आणि उरलेले १५ घराच्या आत गेले.

पंधरा हा आकडा मोठा आहे का? पुन्हा हिशोबच सांगेल. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध एका किलोमीटरला साधारण ७.४ ओहम असतो. मेन स्विचपासून बोर्डापर्यंत २० मीटर वायर असेल तर जाणारी आणि येणारी मिळून ४० मीटर, म्हणजे ०.३ ओहम. ८.१ अँपिअरला ०.३ ने गुणले की २.४ व्होल्ट. एवढे पडणे न्याय्य आहे. उरलेले साडेबारा व्होल्ट तांब्याने खाल्लेले नाहीत. ते कुठल्या तरी एका सांध्यात गेले आहेत: ढिला स्क्रू, नुसती पिळून टेप लावलेली तार, जळलेला स्विचचा संपर्क. साडेबारा भागिले ८.१ म्हणजे त्या सांध्याचा रोध सुमारे दीड ओहम. आणि साडेबारा गुणिले ८.१ म्हणजे तिथे निर्माण होणारी उष्णता सुमारे १०० वॉट. भिंतीतल्या बंद डबीत, प्लॅस्टिकला चिकटून, २५ वॉटची चार सोल्डरिंग आयर्न सतत चालू ठेवल्यासारखे आहे हे.

तोच मिस्त्री करंट बंद करून, ओहमवर मीटर लावून पाहतो तेव्हा त्याला हा दीड ओहम का सापडत नाही? एक तर मीटरच्या दांड्यांचा रोध त्यात मिसळतो. दुसरे म्हणजे थंड झालेला सांधा वेगळा आणि ८ अँपिअर वाहून तापलेला, प्रसरण पावलेला, ऑक्साइड चढलेला सांधा वेगळा. मीटरच्या छोट्या बॅटरीतून जो करंट वाहतो तो इतका क्षीण असतो की त्या सांध्याची परीक्षाच होत नाही. भार टाकला तरच सांधा आपले खरे रूप दाखवतो.

कधी असेही होते की बोर्डावर व्होल्टेज ठीक दिसते, २२६-२२७ येते, तरी पिन तापते. मग दोष बोर्डामागे नाही, पिन आणि सॉकेट यांच्या संपर्कात आहे. शेजारच्या सॉकेटमध्ये मोजलेल्या व्होल्टेजला तो दिसूच शकत नाही. दहा मिनिटे भार चालवा, स्विच बंद करा, पिन बाहेर काढा आणि तिच्या पितळी पायांजवळ बोट नेऊन पाहा. एकच पाय गरम असेल तर सॉकेटची त्या बाजूची पकड सैल झाली आहे. सॉकेट बदला, पिनही बदला. काळ्या पडलेल्या पिनला पॉलिश पेपर मारून पुन्हा वापरणे म्हणजे तोच दीड ओहम काही दिवसांनी परत बोलावणे.

याच तत्त्वाचा कारखान्यात मुद्दाम उपयोग केला जातो. २६० मीटरचा पट्टा करताना दोन रुळांची टोके भिडवतात आणि त्यांतून कमी व्होल्टेजवर हजारो अँपिअर सोडतात. रूळ स्वतः जाडजूड असल्याने त्यात फारशी उष्णता होत नाही. जिथे टोके जेमतेम टेकलेली असतात तिथे रोध एकवटतो, ठिणग्या उडतात, पोलाद वितळते आणि मग प्रचंड दाबाने दोन्ही टोके एकजीव केली जातात. फ्लॅश बट वेल्डिंग ते हेच. करंटचा वर्ग गुणिले सांध्याचा रोध. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. म्हणून सहा अँपिअरच्या सॉकेटवर इस्त्री वर्षानुवर्षे चालते, आणि त्याच सॉकेटवर मल्टिप्लग लावून केटल आणि हीटर एकत्र चालवले की पहिल्या हिवाळ्यातच प्लॅस्टिक वितळते.

इन्व्हर्टरच्या बॅटरीकडे याच नजरेने बघा. घरात ६०० वॉटचा भार आहे, बॅटरी १२ व्होल्टची आहे, इन्व्हर्टर काही वीज स्वतः खातो. बॅटरीच्या केबलमधून जवळपास ५९ अँपिअर वाहतील. टर्मिनलवर पांढरी बुरशी चढून रोध नुसता ०.०२ ओहम झाला तरी तिथे ७० वॉट उष्णता. म्हणून ती केबल अंगठ्याएवढी जाड असते आणि म्हणून ती टर्मिनले साफ करून व्हॅसलीन लावायची असतात.

रेल्वेने नेमके उलट केले आहे. हावडा-नागपूर-मुंबई मार्गावर मालगाडी ओढणारे डब्ल्यूएजी-९ जातीचे इंजिन ६००० अश्वशक्तीचे, म्हणजे सुमारे ४५०० किलोवॉटचे असते. भिलाईच्या लोको शेडमध्ये अशी इंजिने रांगेने उभी असतात. वरची तार २५,००० व्होल्टची. ४५ लाखांना २५,००० ने भागा, १८० अँपिअर येतात. हीच शक्ती घरातल्या २३० व्होल्टवर द्यायची म्हटली तर करंट १९,५०० अँपिअरच्या वर जाईल. ती वरची बारीक तार क्षणात वितळेल. परतीचा करंट चाकांतून रुळात उतरतो आणि रूळ व जमीन यांतून सबस्टेशनकडे जातो. म्हणजे लेखाच्या सुरुवातीला आपण ज्या रुळाचा रोध काढला तो खरोखरच या मंडलाचा भाग आहे, फक्त एसीमध्ये करंट पोलादाच्या पृष्ठभागालगत गर्दी करत असल्याने त्याचा प्रत्यक्ष रोध डीसीच्या हिशोबापेक्षा बराच जास्त भरतो.

जिथे हा भागाकार फसतो

व्होल्ट भागिले अँपिअर हे उत्तर ‘रोध’ म्हणून फक्त तापणाऱ्या उपकरणांना लागू आहे. पंखा, कूलर, फ्रिज, पंप यांच्या आत तांब्याची गुंडाळी आणि लोखंड असते. तिथे करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो. कूलरला २३० व्होल्टवर ०.९ अँपिअर जात असतील तर गुणाकार २०७ येतो, पण तो वॉटचा आकडा नाही, व्होल्ट-अँपिअरचा आहे. पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर खरे वॉट १६६. घरगुती बिल खऱ्या वॉटवरच लागते, म्हणून मोटरच्या उपकरणांसाठी गुणाकारापेक्षा मीटरच्या लुकलुकीवर भरवसा ठेवा. मीटर पॉवर फॅक्टर धरूनच मोजतो.

जुन्या पिवळ्या बल्बचे आणखी वेगळे. १०० वॉटचा बल्ब पेटलेला असताना हिशोबाने ५२९ ओहमचा असतो. काढून मल्टिमीटरवर मोजा, जेमतेम ४० दाखवेल. मीटर बिघडलेला नाही. टंगस्टनची तार दोन हजार अंशांच्या वर तापली की तिचा रोध बारा-तेरा पट होतो. म्हणूनच बल्ब बहुधा लावण्याच्या क्षणी उडतो, कारण तेव्हा तार थंड असते आणि करंटचा पहिला झटका सर्वांत मोठा असतो.

भिलाईजवळच्या पाटण-धमधा भागात ज्यांची शेती आहे त्यांच्यासाठी एवढेच: थ्री-फेज मोटरला १.७३ चा गुणक लागतो. पाच अश्वशक्तीचा पंप, ४१५ व्होल्ट, मोटरची कार्यक्षमता ८५ टक्के आणि पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर प्रत्येक फेजमध्ये साडेसात अँपिअरच्या आसपास करंट यायला हवा. टाँग टेस्टर तिन्ही तारांना आळीपाळीने लावा. तिन्ही आकडे सारखे हवेत. एक बराच कमी आणि दोन जास्त दिसले तर मोटर तिथेच बंद करा. त्या फेजचा सांधा किंवा फ्यूज गेलेला आहे आणि उरलेल्या दोन फेज गुंडाळी जाळत आहेत.

कूलरचा हिशोब, जो चुकवू नये

भिलाईचा उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही. पत्र्याची पेटी, आत पाणी, पाण्यात बुडालेला पंप, ओला फरशीचा तुकडा आणि अनवाणी लेकरे. दर उन्हाळ्यात कूलरच्या झटक्याने माणसे दगावतात, आणि हा अपघात पूर्णपणे ओहमच्या नियमात बसतो.

ओल्या अंगाच्या माणसाचा हातापासून पायापर्यंतचा रोध हजार-दोन हजार ओहम धरा. पंपाची वायर सोलवटून फेज पत्र्याला लागला आहे आणि अर्थिंग नाही. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर, २३० मिलिअँपिअर. दोन हजार ओहम धरले तरी ११५. छातीतून ३० मिलिअँपिअरच्या वर करंट थोडा वेळ वाहिला तरी श्वासाचे स्नायू आखडतात आणि हृदयाचा ताल बिघडू शकतो. म्हणजे कूलरचा करंट त्या मर्यादेच्या चार ते आठ पट आहे. १६ अँपिअरच्या एमसीबीला मात्र ०.२३ अँपिअर म्हणजे एखादा छोटा पंखा लागला असे वाटते. एमसीबी पडणार नाही.

‘आमच्याकडे अर्थिंग आहे’ म्हणून निश्चिंत राहू नका. अंगणात पुरलेल्या अर्थिंगच्या पाइपचा रोध किती आहे हे कोणी मोजलेले नसते. उन्हाळ्यात माती वाळली की तो २० ओहम व्हायला वेळ लागत नाही. फेज पत्र्याला लागला की २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर जमिनीत जाऊ लागतील. १६ चा एमसीबी तेवढ्यानेही पडत नाही. पत्र्यावर जवळपास पूर्ण २३० व्होल्ट तसेच राहतात, आणि वर तासाला अडीच युनिटांहून जास्त वीज मातीत जिरते. एकाएकी फुगलेल्या बिलामागे कधी कधी हेच असते.

या दोन्ही प्रसंगांत जीव वाचवते ते ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी. ते फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची सतत तुलना करते. फरक ३० मिलिअँपिअर झाला की ०.३ सेकंदाच्या आत, आणि झटका मोठा असेल तर त्याहून कितीतरी आधी, दोन्ही तारा तोडते. जुनी क्वार्टर्स असोत की नवी कॉलनी, भाड्याचे घर असो की स्वतःचे, हे एक उपकरण बसवण्यात काटकसर करू नये असे माझे ठाम मत आहे. स्टॅबिलायझर, महागडा स्विच, रंगीत बोर्ड नंतर. आरसीसीबी आधी. मात्र ते असले तरी अर्थिंग हवेच, कारण अर्थिंग असेल तर दोष होताच ते पडते. नसेल तर कोणीतरी पत्र्याला हात लावेपर्यंत ते वाट पाहते.

आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेले एक छोटे बटण असते. ते दाबले की खटका पडायलाच हवा. वर्षानुवर्षे न दाबलेले यंत्र आतून चिकटून बसू शकते. होळी झाली की घरोघर कूलर माळ्यावरून किंवा गच्चीवरून खाली येतात. त्यात गवत भरण्याआधी, पाणी ओतण्याआधी, ते बटण दाबा. खटका पडला नाही, तर यंत्र बदलल्याशिवाय कूलर लावू नका. आणि पाणी भरताना स्विच नुसता बंद करू नका, पिन बाहेर काढा.